आढ्याची वाटणी

हे मी बायकोलाही सांगितलं नाही, आणि ती गेली. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही फार आपले आहात म्हणून नव्हे—तुमचा धाक वाटत नाही, एवढंच.

मारेगावजवळच्या आमच्या गावात, साठ सालाच्या आसपास, दादाची आणि माझी वाटणी झाली. एकाचं दोन केलं सगळं—दोन दारं, दोन चुली, दोन न्हाण्या. मधे कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या कुडाची भिंत, शेणामातीनं लिंपलेली. पंच म्हणाले, झाली घरं वेगळी. कसली वेगळी? वर छप्पर पेलणारं आढं एकच—या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दादानं तिकडे खुंटी ठोकली की इकडे माझ्या ताटात माती पडायची. आणि ठोकायचाही नेमका माझ्या जेवणाच्या वेळी. तो मेला, तरी माझा राग गेलेला नाही. खोटं कशाला बोलू?

मग ठरवलं—आढंही वेगळं करायचं. मधला खांब माझ्या बाजूला होता. माझा तुकडा त्याच्यावर राहिला असता. आणि दादाचा?—मला दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. सगळे बाजाराला गेले तेव्हा करवत घेऊन चढलो आणि खांबापलीकडे आढं कापलं. पार नाही कापलं—आपोआप मोडल्यासारखं वाटावं, एवढं ठेवलं.

चार दिवसांनी मोडलं, तेव्हा दादा शेतात होता. घरात वहिनी होती, जात्यावर. आई गेल्यावर मला भरवून मोठं करणारी वहिनी. तिच्याशी माझं वैर नव्हतं—मग करवत चालवताना ती माझ्या डोक्यात कुठे होती?

पहिला मीच पोचलो. छपराच्या कवेलूंच्या ढिगाखाली तिचा पाय, तोंड मातीनं भरलेलं. मला पाहून म्हणाली, "बापू, तुह्या आंगावर त नाही ना पडलं काही?"

नाही, म्हणालो. माझ्याकडे एक कवेलू हललं नव्हतं.

लोक जमल्यावर 'उधई लागली होती, आढं आतून पोखरलं' हेही पहिल्यांदा मीच म्हणालो. करवतीच्या खुणा असलेली दोन्ही टोकं छाटून माझ्या चुलीत घातली.

वहिनी पुढे मरेपर्यंत पाय ओढत चालली. तिचं ते फरफटणं कुडातून इकडे ऐकू यायचं, बहुतेक माझ्या जेवणाच्या वेळी. मी जेवत राहायचो.