चाळीस मजली इमारत मांडीवर घेऊन फोपनारला

भावाचं लग्न ठरत नव्हतं, म्हणून आम्ही जळगावहून बऱ्हाणपूरजवळच्या फोपनारला निघालो आणि सोबत चाळीस मजली इमारत घेतली. हसू नका. धाकटा भाऊ पराग पुण्यात आर्किटेक्ट आहे. उद्याच्या शहरासाठी त्याने टॉवर काढलाय: दर मजल्यावर शेती, छतावर पवनचक्क्या, सांडपाणी गाळून पुन्हा झाडांना. त्याचं हे गुडघ्याएवढं मॉडेल, गच्च्यांत ओल्या कापसावर खरीखुरी मोहरी उगवलेली. ते बघून त्याला आवडलेल्या वैशालीचे वडील होकार देतील, अशी त्याची खात्री. मागच्या भेटीत ते "बघू" म्हणाले होते. आमच्याकडे "बघू" म्हणजे नाहीच.

भुसावळ, मुक्ताईनगर, इच्छापूर असा रस्ता. सकाळी लवकर निघा, नंतर केळीचे ट्रक पुढे जाऊ देत नाहीत. प्रत्येक खड्ड्याला पराग किंचाळायचा, "ताई, अठरावा मजला धर!" माझ्या मांड्या बधिर झाल्या त्याची कुणाला पडलीये!

फोपनारला ओसरीवर अर्धी गल्ली जमलेली. वैशालीचे वडील भास्करभाऊ, केळीचे बागायतदार, आवाज खणखणीत. टॉवरभोवती फेरी मारून म्हणाले, "बढिया आहे हो! पण लाइट गेली का माणूस वरच अटकला न? माझी पोर काय आभाळात टांगू?"

परागने सौरऊर्जेवर भाषण ठोकलं. वैशाली चहा घेऊन आली, तर गाढवाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. लग्नाचा विषय राहिलाच.

दुपारी उन्हाने मोहरीने मान टाकली. भास्करभाऊंनी इमारत उचलून केळी पिकवायच्या थंड खोलीत ठेवली. पाहुण्याच्या वस्तूला ऊन लागायला नको, म्हणून.

दुसऱ्या दिवशी बऱ्हाणपूर. मावा जलेबी खाच, पण एकच मागा. मी दोन मागितल्या आणि असीरगडाचा चढ देवाचं नाव घेत चढले. पाणी सोबत न्या. वर पोचताच पराग म्हणाला, "ताई, इथे एक टॉवर काय दिसेल!"

"तुला बायको पाहिजे का लिफ्ट?" मी ओरडले. माकडंसुद्धा दचकली.

संध्याकाळी परतलो, खोली उघडली, आणि अगं बाई! अख्खा टॉवर पिवळाधम्मक. कच्ची केळी पिकवायला तिथे गॅस सोडतात, तो मोहरीलाही लागला होता. पानं गळून तळमजल्यावर ढीग, आणि भविष्यातल्या शहराला पिकल्या केळ्यांचा घमघमाट.

परागचा चेहरा रडवेला. भास्करभाऊ तर मेल्याहून मेल्यासारखे झाले. "आमच्या घरी पाहुण्याचं नुकसान? पराग भाऊ, मागा, काय मागायचं ते मागा."

परागच्या तोंडून एकदाचं निघालं, "काही नको. तुमचा होकार तेवढा द्या."

भास्करभाऊंनी आधी लेकीकडे बघितलं, ती पदराआड हसत होती. मग म्हणाले, "चला जेवायला, जावईबापू."

परतताना टॉवर पुन्हा माझ्याच मांडीवर. आता तो आमच्या फ्रिजवर आहे आणि घराला अजून केळ्यांचा वास येतो. काल वैशालीचा फोन आला.

"ताई, कुणाला सांगू नका. बाबांना मीच म्हटलं होतं, आज गॅस बंद आहे, बिनधास्त ठेवा."

"अगं, पण का?"

"तुमचा भाऊ त्या बिल्डिंगवरून नजर हटवेल तर ना!"