मायांची शिट्टी आणि सासूबाईंचं ओलं बोट

सासूबाई जर्मनीत एश्बॉर्नला आमच्याकडे आल्या आणि पहिल्याच शनिवारी माझ्या लेकीबरोबर मातीकामाच्या वर्गात जाऊन बसल्या. पुण्यात दरवर्षी शाडूचा गणपती घरी घडवणाऱ्या बाई. माती समोर असताना त्या हातावर हात ठेवून बसतील कशा!

वर्ग होता मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या मातीच्या बाहुल्यांचा. शिकवणाऱ्या बाईंनी करून दाखवलं. चेहरा साच्यात माती दाबून काढायचा, पाठ हातानं थापून जोडायची, आत पोकळ. पाठीला भोक हवंच, नाहीतर बाहुली भट्टीत फुटायची. त्या भोकाशी फुंकायची चपटी नळी जोडली, की झाली शिट्टी! मायांच्या कितीतरी बाहुल्या अशा वाजायच्या म्हणे.

लेकीची बाहुली, मोठाल्या कुड्या घातलेली ठसठशीत बाई, ओली असतानाच वाजली. लेक नाचलीच. एरवी ती आजीला जर्मनमध्ये उत्तरं द्यायची, आजी कानकोंडी व्हायची, आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं.

लेक हात धुऊन आली, फुंकलं, तर आवाजच नाही. सासूबाईंनी ओल्या बोटानं भोक छान बुजवून टाकलं होतं.

"अगं, मूर्तीला भोक ठेवतात का कधी? खंडित दिसते."

"अहो आई, तिथूनच तर वाजते ती! आणि आता भट्टीत फुटेल."

"कापुट!" म्हणजे मोडली, म्हणून लेक रडायला लागली. सासूबाईंचा चेहरा उतरला. अंबाड्यातला आकडा काढून त्या भोक पाडायला बसल्या. लेक जर्मनमध्ये सूचना देत होती, त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मी मुद्दाम भाषांतर करून दिलं नाही. शेवटी लेकीनं आजीचं मनगट धरलं.

"इथे नाही. खाली. तिरकं... गेनाऊ, अस्संच!"

बारीक शीळ उमटली. सासूबाईंचं बोट सवयीनं कड सारवायला पुढे गेलं.

"आजी, आता हात लावायचा नाही हं!"

अख्खं वाक्य, मराठीत! शिवाय स्वयंपाकघरात सासूबाई मला दटावतात अगदी त्याच सुरात. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पुढच्या शनिवारी बाहुली भट्टीतून धड निघाली. लेकीनं ती आधी आजीच्या हातात दिली. घरी जाताना एस-बान लोकलमध्ये दोघी आळीपाळीनं फुंकत होत्या, मोडक्या मराठीत खिदळत होत्या. मी मधे बसून एकेक शब्द सुधारून देत होते.

सासूबाई म्हणाल्या, "तू जरा पलीकडे बस बाई, आम्हाला बोलू दे."

मी लगेच उठले.