गोंदाच्या पाट्यांवरचा कागद

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षर तर वाकडंच आहे, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर पेन हातात आलं ते सह्या करायला आणि कारखान्यातल्या तक्त्यावर आकडे मांडायला. हे कुणाला दाखवायचं नाही. पण चार माणसांत मला बोलता येत नाही, आणि मनात ठेवलं की छाती धडधडते, म्हणून लिहिते.

शिरोली एमआयडीसीत, फौंड्र्यांच्या मागच्या अंगाला, आमचा चटणीचा कारखाना आहे. मी आधी पॅकिंगला होते. पुढं सुपरवायझर साहेबांनी मला पाट्या बघायचं काम दिलं. मशिनी सुरू व्हायच्या आधी बॅटरी घेऊन सगळीकडं फिरायचं. भिंतीकडेला गोंद लावलेल्या पाट्या ठेवलेल्या असतात, त्यांवर उंदीर, झुरळ, जे चिकटलं असेल ते बघायचं. दाराजवळच्या निळ्या दिव्याखालचा चिकट कागद काढून माश्या मोजायच्या. मिरचीच्या गोदामात मालाला लागणाऱ्या बारीक पाखरांसाठी चिकट कार्ड टांगलंय, ते बघायचं. आत विष ठेवत नाहीत, ते बाहेरच्या डब्यांत. सापडेल ते तक्त्यात मांडायचं. काही सापडलं नाही की बाकीच्यांना बरं वाटतं. मला उलट घोर लागतो. खरंच काही नाही, की मलाच दिसलं नाही?

घोर लागायला कारण होतं. नवरा कबनूरला यंत्रमागावर कामाला होता. त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी मालकांकडून उचल घेतली. ती दर महिन्याला पगारातून कापून घेत. काम सुटलं तर राहिलेली रक्कम एकदम भरायची, असं ठरलं होतं. ती मी कुठून आणणार होते? साहेबांनी नुसती हाक मारली तरी वाटायचं, आता काढलंच कामावरून.

त्यात तपासणी आली ती नेमकी गणपतीत. आमची चटणी बाहेर पाठवणाऱ्या व्यापाऱ्याची माणसं येणार होती. ऑर्डर गेली तर बायका कमी कराव्या लागतील, असं साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. कमी करायच्या म्हटल्यावर माझं नाव कितवं येईल, हाच हिशोब मी भाकरी खाताना करायची.

कारखान्याचा गणपती पॅकिंगच्या हॉलमध्येच बसतो. तपासणीच्या आदल्या सकाळी मी त्याच्या चौरंगाजवळची पाटी उचलली. पावसाळ्यात पाटीवर एखादा रातकिडा, दोन-चार चिलटं असतातच. या पाटीवर काहीच नव्हतं. दुसरी बघितली, तीही तशीच. बोट लावलं तर चिकटलं नाही. गोंदावर कुणीतरी पॅकिंगचा पातळ कागद बेतानं बसवला होता, आणि चटणीची धूळ बसून तो गोंदासारखाच दिसत होता.

गोदामाच्या सगळ्या पाट्या तशाच. म्हणजे गणपती बसल्यापासून मी तक्त्यात मांडलेली शून्यं खोटी होती. गोण्यांच्या मागं बॅटरी मारली. भिंतीलगत लेंड्या पडल्या होत्या, आणि धण्याची एक गोणी खालून कुरतडलेली. त्याच थप्पीतलं धणं दुपारी दळायला जायचं होतं.

मला कळलं हे कुणाचं काम. आमच्यात सगळ्यांत मोठ्या असलेल्या मावशी. माझं जेवण त्यांच्या शेजारी, रिक्षात बसायचं त्यांच्या शेजारी. आमच्याकडं गणपती आल्यावर दुसऱ्या दिवशी उंदरालाही नैवेद्य दाखवतात, आणि गणपती जाईपर्यंत त्याला कुणी मारत नाही. मावशी हे सगळ्यांत कडक पाळायच्या.

“मावशी, पाट्यांवर कागद तुम्ही लावलासा?”

“व्हय. बाप्पाच्या म्होरं त्याचंच वाहन चिकटवून मारायचं व्हय गं?”

“उद्या तपासणी हाय की.”

“मग उद्या काढू. एवढी कशाला थरथरतीस? तुज्यापरास उंदीर बरा, खायला तरी भाईर येतोय.”

बायका हसल्या. मीही हसले.

साहेबांच्या केबिनपर्यंत गेले आणि मोरीकडं वळले. तोंड धुतलं. सांगितलं तर मावशीचं काम जाईल, नाही सांगितलं आणि उद्या सापडलं तर माझं. पण ते धणं दुपारी दळलं जाईल आणि कुणाच्या तरी ताटात जाईल, हे काही डोक्यातून जाईना. परत गेले आणि दारातूनच बोलले. “साहेब, पाट्यांवर कागद हाय. तक्ता खरा न्हाई. धण्यात उंदीर फिरलाय.”

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “वर्षभर तोंड उघडलं न्हाईसा ताई, आन् उघडलंसा ते आज? कागद कुणी लावला?”

“पाट्या मी बदलून घेते,” एवढंच मी म्हटलं. त्यांनी काचेतून चौरंगाकडं बघितलं, मावशीकडं बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही.

ती सगळी थप्पी बाजूला काढून टाकून दिली. कागद निघेना, गोंदासकट फाटला, म्हणून पाट्या नव्या मांडल्या. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाईंनी तक्ता मागितला. साहेबांनी कागदाचं खरं ते सांगितलं. बाईंनी पुष्कळ लिहून घेतलं. पास केलं नाही, नापासही केलं नाही. पुन्हा येऊन बघू म्हणाल्या. तोवर ऑर्डर थांबली आणि सगळ्यांचा ओव्हरटाइम बंद.

तो राग माझ्यावर निघाला. मावशी रिक्षात पुढं ड्रायव्हरशेजारी बसू लागल्या. मी डबा एकटीनं खायची. रोज सकाळी पाटी उचलताना वाटायचं, आज काही दिसू नये, आणि लगेच वाटायचं, असलं तर दिसू दे. मग तपासणीच्या बाई परत आल्या. त्यांनी पाट्यांना स्वतः बोट लावून बघितलं आणि सही केली, तशी ऑर्डर पुन्हा सुरू झाली.

काम कुणाचंच गेलं नाही. पुढच्या गणपतीत उंदराचा नैवेद्य गेटबाहेर, लिंबाच्या झाडाखाली ठेवायचा असं ठरलं. मावशी माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, “तितं त्याला घावतोय का न्हाई कुणास ठाऊक.” पण माझ्याशी बोलल्या.

उचल कापली जात होती ती तशीच कापली जात राहिली. एका पगाराला हातात आलेलं पाकीट जाड लागलं. चूक झाली असेल आणि नंतर मागतील, या भीतीनं मी कॅशियरकडं परत गेले.

“चूक न्हाई ताई. मागच्या म्हैन्यात उचल फिटली तुमची.”

“काहीच राहिलं न्हाई?”

“न्हाई की. सगळी फिटली.”