आधी पार्ट, मग किती

परवा चाकणला कंपनीत मी सहाशे अठरा लेबलं वाया घालवली. एका एंटरमध्ये.

मी सातवी शिकलेली. दहा वर्षं पॅकिंगला उभी राहून गुडघे गेले, म्हणून लेबलच्या कॉम्प्युटरवर बसवलं. सुपरवायझर सरांनी आधीच बजावलं होतं, "मावशी, घोळ झाला तर परत लाईनवर."

जुना प्रोग्राम एकेक विचारायचा... पार्ट कुठला, लेबलं किती. नवा काहीच विचारत नाही. काळा स्क्रीन, सगळं एका ओळीत टाकायचं.

रोज चिठ्ठी बघून टाकायचे, तिच्यावर आधी पार्ट असतो, मग किती. परवा गाडी गेटला उभी, चिठ्ठी नाही. लाईनवरून सुनंदा ओरडली, "चोवीस दे गं, सहाशे अठराची!" आमच्यात असंच ओरडतात, आधी किती, मग पार्ट. मी ऐकलं तसं टाकलं.

मशीनने चोवीस नंबरच्या पार्टची सहाशे अठरा लेबलं काढली. रोल संपला. स्टोअरमधून दुसरा येईपर्यंत गाडी तासभर अडकली. सर येऊन वाया गेलेली लेबलं बघून गेले... मी समजायचं ते समजले.

प्रोग्राम लिहिणारी पोरगी हिंजवडीत बसते. तिला फोन लावून झापलंच. ती म्हणाली, "काकू, तो जागेवरून ओळखतो. पहिला आकडा पार्ट, दुसरा किती."

म्हटलं, मग लेबलचा साईज मी कधीच सांगत नाही, तो कसा बरोबर येतो? तर म्हणे तो नाही सांगितला की नेहमीचा धरतो. वेगळा हवा असेल तर नाव घालून सांगायचं, मग ओळीत कुठेही लिहा.

"अगं मग पार्टला आणि 'किती'ला का नाव नाही? साईज काय तुझा जावई आहे?"

हसली. "टायपिंग वाढेल, काकू."

"वाढू दे. बोटं धड आहेत माझी."

काल तिने बदलून दिलं. आता पार्ट, किती, दोन्हीला नाव. मागेपुढे टाकलं तरी चालतं, आणि एक राहिलं तर छापतच नाही.

वर सरांना स्वतः फोन करून म्हणाली, चूक प्रोग्रामची पण होती. मी सांगितलं नव्हतं तिला फोन करायला...

आज मी खुर्चीतच आहे. एवढी शिकलेली पोर, माझ्यासाठी चूक अंगावर घेतली. थँक्यू गं बाई. फोनवर जमलं नाही म्हणायला.