एका स्टेशनचे दोन मॅनेजर

आमच्या कंपनीचं विलीनीकरण होणार, ही बातमी मला कंपनीकडून नाही, नवऱ्याकडून कळली. तो सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बातम्या वाचायच्या आणि प्लांटच्या गेटवर फोन जमा करायचा, हा त्याचा रोजचा क्रम. त्या दिवशी गेट यायच्या आत त्याने घाईघाईने फोन केला.

"अगं, तुमची एअरलाइन त्या मोठ्या एअरलाइनमध्ये जातेय म्हणे. तुला माहीत होतं?"

मी सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये लेकीची वेणी घालत होते. "अफवा असेल," म्हटलं. पण वेणी तशीच अर्धी राहिली आणि लेक ओरडली, "मम्मा, late already lah!"

सिंगापूरच्या विमानतळावर मी आमच्या कंपनीची मॅनेजर होते. विमान कंपन्यांच्या भाषेत विमानतळाला स्टेशन म्हणतात. तर हे स्टेशन माझं होतं. काउंटरवर बसणारे लोक एका ठेकेदार कंपनीचे असत, पण विमान रखडलं, कोणी गेटवर चक्कर येऊन पडलं, एखादं लग्नाचं सामान भलत्याच देशात गेलं, की प्रकरण फिरून माझ्यापाशी यायचं. कंपनी लहान होती, नवी होती, थोडी नखरेल होती. चहा चिनीमातीच्या कपात द्यायची. पुण्याहून मी याच नोकरीवर इथे आले, माझ्या स्वतःच्या पासवर, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्यावर, आणि मला त्याचा अभिमान होता.

आमच्या शेजारीच मोठ्या कंपनीचे काउंटर. त्यांचे मॅनेजर माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, उंच, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेले. आमचं बोलणं इंग्रजीत आणि मोजकं. "गुड मॉर्निंग मॅडम." "गुड मॉर्निंग सर." सकाळी दोघांचीही मुंबईची विमानं सुटायची, आणि प्रवासी तुमच्याकडे की आमच्याकडे, हा हिशोब दोघांच्याही डोक्यात असायचा. एकदा खांबाआड ते फोनवर बोलत होते. "अन् तिनं जेवण केलं का? नाही केलं? थांब, मी येऊन राहिलो न." मी चाटच पडले. नागपूरचा माणूस! त्यांनीही मला पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आपलं गुड मॉर्निंगच. धंद्यातल्या माणसाशी मराठी बोललं की अंतर राहत नाही, असं दोघांनाही वाटत असावं.

बातमी खरी निघाली. मग वर्षभर मंजुऱ्या, बैठका, अफवा. मुख्यालयातले साहेब पडद्यावर येऊन सांगायचे की आता आपण एक कुटुंब होणार. आमच्यातला कोणीही त्या वेळी दुसऱ्याकडे बघायचा नाही. कुटुंब एक झालं तर एका स्टेशनला दोन मॅनेजर कशाला, हे न शिकवता कळण्यासारखं होतं.

माझी मुलाखत पडद्यावरच झाली. पलीकडे तिघे होते. त्यातल्या बाईंनी गोड हसत विचारलं, "तुमच्या मते सिंगापूरला दोन मॅनेजर हवेत का?"

हो म्हणावं तर आप्पलपोटी, नाही म्हणावं तर आपल्याच पायावर धोंडा. मी म्हटलं, "विमानं दोन असतील तोवर हवेत." तिघांनीही खाली बघून काहीतरी लिहून घेतलं.

खुर्ची शेजारच्या मॅनेजरांना मिळाली. मला त्यांच्या हाताखाली, 'पुढचं पुढे पाहू' या बोलीवर ठेवलं. त्या दिवशी दुपारी ते आमच्या काउंटरशी येऊन उभे राहिले आणि पहिल्यांदाच मराठीत बोलले.

"ताई, एक सांगायचं होतं. या खुर्चीसाठी मी कोणाला फोन केला नाही, कोणाला भेटलो नाही."

"मला माहीत आहे सर."

"सर नका म्हणू."

मला माहीत वगैरे काही नव्हतं. उलट वर्षभर मी मनातल्या मनात त्यांनी कोणाकोणाला फोन केले असतील, याचीच उजळणी करत होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाटलं, हा माणूसही धड झोपलेला नाही.

आमचं शेवटचं विमान दुपारचं होतं. दरवाजा बंद झाला, विमान मागे सरकलं, आणि काचेपाशी उभे असलेले आम्ही सगळे उगीचच हात हलवत राहिलो. आतून कोणाला दिसणार होतं? खाली परत आले तेव्हा काउंटरवरच्या पडद्यांवरून आमचं नाव गेलेलं होतं. ते पुसायचं काम इतक्या चटकन कोणी केलं, कुणास ठाऊक. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि गणवेशावरचा बिल्ला काढून पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या कंपनीचं पहिलं विमान. गेटवर फीत, केक, मुख्यालयातून आलेले साहेब. खाली काउंटरवर वेगळंच चाललेलं. दोन कंपन्यांची सकाळची मुंबईची दोन विमानं होती, त्यांचं एक केलं होतं. आमची जुनी बुकिंग्ज नव्या सिस्टिममध्ये आणताना काही वाटेतच गळाली होती. माणूस समोर उभा, हातात तिकीट, आणि पडद्यावर त्याचं नावच नाही. अशी बरीच माणसं होती. मुख्यालयाचा फोन लागत नव्हता. एक सूचना तेवढी आली होती: सिस्टिममध्ये नाव नसेल त्याला विमानात घ्यायचं नाही.

त्यांच्यात एक बाई होत्या. साठीच्या पुढच्या, नऊवारी नेसलेल्या, पायात स्पोर्ट्स शूज. सेंगकांगला लेकीच्या बाळंतपणाला आल्या होत्या. सांगलीला त्यांची बहीण अतिदक्षता विभागात होती. जावई सोबत होता, तो बिचारा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण मॅडम, कन्फर्म्ड आहे ना हे." बाई मात्र आवाज चढवत नव्हत्या. त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

"पोरी, माझी लेक तुमच्या विमानाचं कौतुक करायची. ते विमान कुठं गेलं?"

"हेच ते, मावशी," मी म्हटलं, आणि मला माझाच राग आला.

मी तशीच आमच्या मॅनेजरांकडे गेले. "ही तिकिटं आम्ही विकलीत. माणसं खोटं बोलत नाहीयेत."

"आम्ही म्हणजे कोण, ताई?" ते थकून म्हणाले. "आता एकच आहे न सगळं."

"मग तुम्ही विकलीत असं समजा."

त्यांनी यादी पुन्हा वर-खाली पाहिली. बाकीच्यांना इतर कंपन्यांच्या विमानांत नाहीतर संध्याकाळच्या आमच्या विमानात बसवता येणार होतं. पण संध्याकाळी निघून बाई सांगलीला कधी पोचणार? सकाळच्या विमानात एकही जागा नव्हती. होत्या त्या केक कापून परत निघालेल्या साहेबांच्या.

"चला," ते म्हणाले.

गेटवर त्यांनी साहेबांतल्या सगळ्यात धाकट्याला बाजूला घेतलं आणि संध्याकाळी जायची विनंती केली. का, तेही सांगितलं. तो हसत उठला. "ऑफ कोर्स," म्हणाला. पण त्याच्या मागे बसलेला मोठा साहेब हसला नाही. बाईंचं नवं तिकीट मॅनेजरांनी स्वतःच्या कर्मचारी नंबरावर काढलं, म्हणजे जाब त्यांनाच विचारला जाणार. मी म्हटलं, माझ्या नंबरावर काढा, मी तशीही नोकरीतून जाणारच आहे. त्यांनी ऐकलं नाही. बाई बिझनेस क्लासच्या रुंद खुर्चीत टोकावर बसल्या, जणू कोणी उठवेल म्हणून.

चार-पाच दिवसांनी जावयाचा मेसेज आला. भेट झाली होती. बहिणीने ओळखलं होतं. त्यापुढचं त्याने लिहिलं नाही, मी विचारलं नाही.

मुख्यालयाने मात्र विचारलं. साहेबाला विमानातून उतरवायचा अधिकार कोणी दिला, अशी लेखी विचारणा आमच्या मॅनेजरांना आली. निर्णय दोघांचा होता, असं मी लिहून देते म्हणाले, तर ते म्हणाले, "कशाला दोन माणसं बुडवता?"

महिनाभराने आम्हा दोघांना एकत्र पडद्यासमोर बसवलं. सिंगापूर, क्वालालंपूर आणि बँकॉक मिळून आता एकच मॅनेजर, आणि तो बँकॉकला बसणार. इथलं सगळं ठेकेदार कंपनी बघेल. त्या कंपनीच्या हाती काम सोपवायला ऑक्टोबर संपेपर्यंत एक माणूस लागेल. तो माणूस मी. त्यांनी महिनाअखेर निघायचं. विमानातल्या त्या जागेची ही शिक्षा होती, की माझा पगार कमी होता म्हणून, हे आजही मला सांगता येणार नाही. कदाचित दोन्ही नसेल. कदाचित कोणीतरी नुसतं एक नाव निवडलं असेल.

मला आधी आनंदच झाला. मग त्यांच्याकडे पाहिलं. ते बंद झालेल्या पडद्याकडे बघत होते.

त्यांची मुलगी सहावीत होती. इथे सहावीला मोठी परीक्षा असते, पुढची शाळा तिच्यावर ठरते, आणि ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते. बापाची नोकरी गेली की पास रद्द, आणि पास रद्द झाला की थोड्याच दिवसांत अख्ख्या कुटुंबाने देश सोडायचा. ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळाली तर परीक्षाही झाली असती आणि दुसरी नोकरी शोधायला वेळही.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी लेकीच्या खोलीचं दार लोटलं. मग म्हणाला, "तू माझ्या पासवर राहू शकतेस. त्यांना तेही नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मला ते सहन झालं नाही. "तुझ्या पासवर," मी म्हटलं, "म्हणजे घरात." नवऱ्याच्या पासवर राहायचं तर नोकरी करता येत नाही, नोकरीसाठी पुन्हा स्वतःचा पास लागतो, आणि तो देणारी कंपनी. आम्ही दोन दिवस धड बोललो नाही. ऑफिसात त्यांना बघितलं की परीक्षा आठवायची, घरी लेकीला बघितलं की आणखी आठवायची. शेवटी एका सकाळी मी मुख्यालयाला फोन लावला आणि म्हटलं, मी निघते, त्यांना ठेवा.

"हरकत नाही," पलीकडून उत्तर आलं. "दोघांपैकी कोणीही चालेल."

इतकी वर्षं केलेल्या कामाबद्दल याहून वाईट काही मी ऐकलेलं नाही.

त्यांना मीच सांगितलं. वाटलं होतं, हलकं वाटेल त्यांना. त्यांचा चेहरा लाल झाला.

"मी मागितलं होतं का तुम्हाला? तुम्ही माझ्यावर उपकार करून राहिल्या का, ताई?"

"तुमच्यासाठी नाही, तुमच्या मुलीसाठी."

"माझ्या मुलीचं मी बघतो." आणि ते निघून गेले. मीही चिडले. इतकं सोडून वर हे ऐकायचं! परत फोन करून सगळं मोडावं, असंसुद्धा मनात आलं.

संध्याकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला. आम्ही कधी भेटलो नव्हतो. "त्यांचं मनावर घेऊ नका ताई. लई लागलं त्यांना. मला मात्र रडू आलं, चांगलं रडू. बुद्धपौर्णिमेला खीर करते मी. तुम्ही सगळे या."

बुद्धपौर्णिमेला इथे सुट्टीच असते. आम्ही सेम्बावांगला गेलो. त्यांचं घर लहान, नीट आवरलेलं. बुद्धाच्या मूर्तीपुढे पांढरी फुलं आणि मेणबत्त्या. मुलगी आतल्या खोलीतून वह्या घेऊन आली आणि माझ्या लेकीला शेजारी बसवून चित्रं काढून देऊ लागली. ते दार उघडून "या" म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. खिरीच्या वाट्या तेच घेऊन आले. माझ्या हातात वाटी देताना म्हणाले, "वेलदोडा जास्त झाला असेल." मी म्हटलं, "नाही, छान झालीय दादा." त्या विषयावर आम्ही एवढंच बोललो. माझा नवरा आणि ते मग प्लांट, पाऊस, भाडी यांवर बोलत बसले. निघताना त्यांच्या बायकोने माझा हात सोडला नाही.

परीक्षा झाली. त्यांना नोकरी मिळाली नाही. कार्गोच्या दोन कंपन्यांत ते शेवटच्या फेरीपर्यंत पोचले होते. एकीने पासचा अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. नोव्हेंबरच्या अखेरीस ते नागपूरला गेले. मुलीला उत्तम गुण मिळाले, हव्या त्या शाळेत जागा मिळण्याइतके; पण निकाल लागला तेव्हा सामान बांधून झालं होतं. तिच्या आईने मला फोनवर गुण सांगितले, आणि मग कोणत्या बॅगेत काय भरलंय तेही.

मी त्यांना सोडायला गेले होते. गणवेशाशिवाय मी त्या इमारतीत फारच कमी वेळा गेले आहे. कुठे उभं राहावं तेच कळत नव्हतं. ते म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते बरोबर नव्हतं." मी म्हटलं, "राहू द्या." पण मला बरं वाटलं, आणि ते त्यांना दिसलं असावं.

ते आता नागपुरात एका कुरिअर कंपनीचं काम बघतात. मुलीला तिथली शाळा अजून रुचलेली नाही. मी केलं ते योग्य होतं का, असं नवऱ्याने एकदा विचारलं. काही दिवस हो वाटतं. काही दिवस दुपारी लेक शाळेत असताना, वरून विमान गेलं की कोणाचं आहे ते न बघता सांगता येतं, आणि तेव्हा नाही वाटतं.

गेल्या आठवड्यात इथल्या एका मालवाहतूक कंपनीने मुलाखतीला बोलावलं. पासचं नक्की सांगता येणार नाही, म्हणाले. मी येते म्हणून कळवलं आहे.