रानाची परवानगी

कोणत्याही रानात शिरण्याआधी आबा चपला काढत, "येऊ का?" असं मोठ्यानं विचारत आणि थांबत. एखादं पान गळलं, पाखरू बोललं, की मगच आत पाऊल टाकत. कधी काहीच हललं नाही तर तिथूनच माघारी फिरत. आबा साताऱ्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत आणि मी भूगर्भशास्त्र. ते वयानं बरेच मोठे होते, तरी त्यांची थट्टा करण्याचा मक्ता मी आपणहून घेतला होता.

"काय आबा, आज झाड हो म्हणालं का?"

"झाड कशाला काय म्हणतंय? विचारलं की मी थांबतो. थांबलं की समोर कुणीतरी आहे हे ध्यानात राहतं." मग बशीतला चहा फुंकत ते म्हणत, "तुझं शास्त्र निसर्गाला 'तू काय आहेस' म्हणून विचारतं. मी 'तू कोण आहेस' विचारतो. उत्तर येईलच असं नाही गड्या. पण प्रश्न वेगळा आहे."

मला हे शब्दांचे खेळ वाटायचे. माणूस मात्र मला फार आवडायचा.

दुष्काळाच्या वर्षी त्यांनी मला आपल्या गावी नेलं. पाटणच्या वरच्या अंगाला त्यांच्या गावाची देवराई होती. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नसे. देवराईखाली त्यांच्या धाकट्या भावाचा, हणमंतरावांचा ऊस उभा होता आणि तो वाळत चालला होता. हणमंतराव लष्करातून निवृत्त झालेले, हुकमी आवाजाचे. देवराईच्या मधोमध विहीर पाडायची असं त्यांनी ठरवलं होतं. मी दगड पाहिला, ओल पाहिली आणि सांगितलं, इथं पाणी आहे.

मग गुरवानं कौल लावला. देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार. पडली डावी. कळी नीट बसली नव्हती, असं कुणीतरी म्हणालं. पुन्हा लावला, पुन्हा डावी. असं करत करत एकदाची उजवी पडली आणि सगळ्यांनी "चांगभलं" केलं.

आबांचा चेहरा उतरला होता. "हणमंता, उजवी पडंस्तवर लावत बसलास. ह्याला इचारणं म्हणत न्हाईत."

"आवं आबा, ऊस वाळाय लागलाय. पोरांच्या तोंडात काय घालू, पाखरांची शीळ?"

आबा माझ्याकडे वळले. "आन् तू बी कौलच लावलास. पाणी हाय का, ते सांगितलंस. घ्यावं का, हे तुझ्या हातोडीला कळत न्हाई."

मला राग आला. "मग माणसांनी तहानेनं मरावं का?"

"तसं कुठं म्हणतोय? खालच्या अंगाला खणा. पाणी कमी लागंल, पर लागंल. रान ऱ्हाईल."

कमी पाणी कुणालाच नको होतं. मोठी झाडं पडली, सुरुंग लागले आणि पाणी लागलं ते असं, की बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ऊस वाचला. मला नारळ आणि फेटा मिळाला.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा ऊस माणसाहून उंच होता. हणमंतराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पाणी लय हाय. पर हिरीवर येकटं जाऊ वाटत न्हाई." लढाई पाहिलेला माणूस हे बोलत होता. मी समजावलं, सुरुंगांनी पाखरं उठली, झाडं गेली, म्हणून शांतता जास्त जाणवते. "व्हय, तसंच आसंल," ते म्हणाले, आणि लगेच, "चला की संगं." माझं स्पष्टीकरण बरोबरच होतं. तरी मी आबांनाही हाक मारली.

आबा आमच्याबरोबर आले. देवराईच्या कडेला, आबा आता विचारतील म्हणून, मी सवयीनं थांबलो. ते चपलांसकट सरळ आत गेले.

"आबा, विचारलं नाहीत?"

"आता हितं परवानगी लागत न्हाई," ते म्हणाले. "त्येचंच भ्या वाटतं."

त्यानंतर त्यांना मी कुठल्याच झाडाला काही विचारताना पाहिलं नाही. ते खचत गेले आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अंथरुणाला खिळले. हणमंतराव साताऱ्याला आले, पायाशी बसून राहिले. शेवटी म्हणाले, "आबा, रानाची माफी कशी मागायची वं?"

आबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "माफी मागाया समोर कुणीतरी लागतं, हणमंता."

भावाशी त्यांचं ते शेवटचं बोलणं.

दिवसकार्य झाल्यावर हणमंतराव मला घेऊन देवराईपाशी गेले. चपला काढल्या. हुकमी आवाजाचा तो माणूस लहान पोरासारखा म्हणाला, "येऊ का?" आम्ही थांबलो. पान हललं नाही, पाखरू बोललं नाही. ऊन तापलं, पाय भाजायला लागले, तरी उभे राहिलो.

अखेर त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चला सर. न्हाई म्हणतंय."

मी त्यांच्या मागोमाग उतरू लागलो. त्यांना तेवढा तरी आधार असू दे, म्हणून बोललो नाही. नाही म्हणायलासुद्धा तिथं कुणी उरलं नव्हतं.