बबनकाका आन ताटातून गेलेली चावी

आमचे बबनकाका यंदा पोळ्याच्या आधी गेले. पंधरा वर्षं आर्वीत कुलुपं दुरुस्त केली, मंग बोरगाव मेघेच्या एका गाड्यांच्या शोरूममधी चाव्या सांभाळल्या. भिंतीवर बोर्ड, एका खिळ्यावर एका गाडीच्या दोन चाव्या. चावी नेली का वहीत सही. मालकाचीबी सही.

फक्त खंडेनवमीले सही नसे. त्या दिवशी साऱ्या चाव्या ताटात, वर हळदकुंकू, झेंडूची फुलं. दुसऱ्या दिवशी फुलं नदीत.

मागच्या दसऱ्याले सकाळी काकानं चाव्या मोजल्या तं एका गाडीची एकच चावी. झाडनाऱ्या छायाबाईनं फुलं कवाच धाम नदीत सोडली होती. गाडी तळेगावच्या प्रभाकररावाची. अकराचा मुहूर्त. बायको प्रमिलाबाई नारळ घेऊन उभी.

मालक मुकेशभाऊ हळूच म्हने, "काका, एक चावी द्या, दुसरी मागून देऊ. फुलातच गेली असन. नदीतून कोन चोरते?"

"फुलातच गेली असन. पन पाह्यली कोनं? काल पूजेले चाळीस मानसं आलते. एखाद्याच्या खिशात असन तं तो तळेगावात जाईन आन गाडी घेऊन येईन. काचबी फोडा लागनार नाई."

"तुमी हरवली, आन मलेच शिकवून राह्यले?"

"मी हरवली. म्हनूनच सांगून राह्यलो."

काका सरळ प्रभाकररावापाशी गेले. "भाऊ, एक चावी माह्या हातून हरवली. गाडीच्या कम्प्युटरातून ते पुसली का मंग कोनाले सापडली तरी गाडी सुरू होत नाई. मशीनवाला उद्या नागपूरहून येते. आज गाडी नेऊ नका."

प्रभाकरराव भडकले. "दसऱ्याले पायी जाऊ? गावाले काय सांगू?"

"सांगजा, गाडी चोराले नाई देल्ली म्हनून," प्रमिलाबाई म्हने. "नारळ इथंच फोडा. अंगनात एक चक्कर मारा, झाला मुहूर्त."

चक्कर झाली. दुसऱ्या दिवशी जुनी चावी पुसली, नवी बनली. त्याच आठवड्यात मुकेशभाऊनं बोर्ड दुसऱ्याले देल्ला, काकाले गेटवर बसवलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून रोज जात. घरी काई बोलले नाई. कोकिळाकाकूले वाटे, चाव्याच सांभाळून राह्यले.

तेरवीले छायाबाईनं सांगतलं, तवा काकूले समजलं. काकू म्हने, "गेटवर ऊन होतं का वं?"

"दुपारी होतं," छायाबाई म्हने.